देवगिरीचे ताल आणि पॅरिसचा ऑर्गनवादक

ऑलिव्हिए मेस्सियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधील अविन्यों शहरी झाला. वडील इंग्रजीचे शिक्षक, आई कवयित्री. १९३१ साली पॅरिसच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि २७ एप्रिल १९९२ रोजी मृत्यू येईपर्यंत, साठहून अधिक वर्षे, त्यांनी ही सेवा केली.

विसाव्या शतकातील थोर संगीतकारांत त्यांची गणना होते. पण आपल्याला त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी असे खास कारण आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. त्यातील १२० देशी तालांची यादी मेस्सियाँ यांना एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. ते ताल त्यांनी मन लावून अभ्यासले.

१९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, जर्मन सैन्याने त्यांना कैद केले. गर्लिट्झच्या छावणीत थंडी आणि भूक सोसत त्यांनी चार वाद्यांसाठी एक रचना पूर्ण केली. तिची प्रेरणा प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील देवदूत. १५ जानेवारी १९४१ रोजी तीन सहबंद्यांसह त्यांनी ती छावणीतच सादर केली. तिच्या पहिल्याच भागात व्हायोलिन आणि क्लॅरिनेट पक्ष्यांचे सूर काढतात, तर पियानोवर रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे आपल्या देवगिरीच्या ग्रंथातील ताल चालतात.

पुढे त्यांनी रानोमाळ हिंडून पक्ष्यांची गाणी टिपली. १९६२ साली जपानी संगीतावरून रचना केली. १९८३ साली संत फ्रान्सिस असिसीकरांवरील त्यांची संगीतिका पॅरिसमध्ये रंगमंचावर आली. हे ताल कुठून घेतले ते त्यांनी लपवले नाही. १९४४ सालच्या आपल्या पुस्तकात शार्ङ्गदेवाचे ऋण नावानिशी नोंदवले.

त्यांचे संगीत काही भाविकांना विचित्र वाटे. परक्या तालांमुळे त्यांची श्रद्धा मात्र पातळ झाली नाही. तालाचे नाव लक्ष्मीश असले, तरी त्यातून त्यांनी ख्रिस्ताचीच आराधना केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली, मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे सांगितले.

म्हणून मिस्सामध्ये तबला किंवा भजनाची चाल ऐकू आली, की ती कुणाची हे विचारण्याआधी ती आपल्याला प्रार्थनेकडे नेते का, हे आपण पाहू या. आणि ज्यांच्याकडून घेतले, त्यांचे ऋण मानण्याची नम्रता प्रभू आपल्याला देवो.