सुवर्णमुख योहान

अंत्युखिया नगराचे नाव आमच्या वाचकांस प्रेषितांच्या कृत्यांवरून ठाऊक आहे. प्रभूच्या शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम तेथेच पडले. त्याच नगरात इ. स. ३४७ च्या सुमारास योहान जन्मास आला. तो तान्हा असतानाच त्याचा बाप वारला. आई अँथुसा त्या वेळी अवघी वीस वर्षांची होती. परंतु तिने पुनर्विवाह केला नाही, व मुलाच्या शिक्षणात काही उणे पडू दिले नाही. त्या काळचा नामांकित वक्ता लिबानियस हा ख्रिस्ती नव्हता, तरी योहानाने त्याजपाशी वक्तृत्वाची विद्या घेतली. पुढे वकिलीचा मार्ग सोडून त्याने बाप्तिस्मा घेतला, डोंगरातील तपस्व्यांत जाऊन राहिला, आणि शेवटची दोन वर्षे एका गुहेत उपास व जागरणे करून त्याने आपली प्रकृती कायमची बिघडवून घेतली. हे काही आम्हांस अनुकरणीय वाटत नाही. परंतु त्या एकांतात पवित्र शास्त्र त्याच्या अंतःकरणात जे मुरले, ती शिदोरी त्यास जन्मभर पुरली.

इ. स. ३८६ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीत उपदेशाचे काम त्याजकडे आले, आणि दुसऱ्याच वर्षी त्याची कसोटी झाली. बादशहा थिओडोसियस याने नवा कर बसविला. लोक खवळले व त्यांनी बादशहाचे, त्याच्या दिवंगत राणीचे व मुलांचे पुतळे पाडून रस्त्यातून फरफटत नेले. राग ओसरताच भयाने सर्वांचे पाय लटपटू लागले, कारण हा अपराध राजद्रोहाचा होता. धरपकड सुरू झाली, कित्येकांस देहदंड मिळाला, पुष्कळ लोक घरेदारे सोडून पळाले. वृद्ध बिशप फ्लेवियन हा आपल्या मरणोन्मुख बहिणीस मागे ठेवून, क्षमा मागण्याकरिता दूर कॉन्स्टँटिनोपलास निघून गेला. मागे राहिलेल्या घाबऱ्या लोकांस धीर देण्यास योहानाच्या जिभेवाचून दुसरे साधन नव्हते.

त्या आठवड्यांत त्याने केलेले उपदेश आजही उपलब्ध आहेत. ते वाचू लागताच आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटले. शिरावर तलवार टांगली असता हा मनुष्य जवळजवळ प्रत्येक उपदेशाच्या शेवटी लोकांस शपथा घेण्याचे सोडा म्हणून विनवितो! ऐकणारे कंटाळले, तरी त्याने विषय सोडला नाही. हेरोदाने एका मेजवानीत शपथ घातली, आणि त्या एका शपथेपायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले, हे तो पुनःपुन्हा त्यांच्या डोळ्यांपुढे उभे करी. घरात जो शपथ घेईल त्याने, मग तो चाकर असो वा धनी असो, त्या रात्री उपाशी निजावे, असा नेमही त्याने सुचविला. बाजारात दोन पायली जोंधळ्यासाठी गळ्याची शपथ घेणारे व लेकरांची आण वाहणारे आमच्याही मंडळ्यांत आहेत. त्यांच्या घरी हा नेम लागू केला तर कित्येक चुली थंड राहतील!

फ्लेवियन क्षमा घेऊन पुनरुत्थानाच्या सणापर्यंत परतला व नगर वाचले. योहानाची कीर्ती पसरली. लोक उपदेश चालू असताना टाळ्या वाजवीत. टाळ्या वाजवू नका असे त्याने सांगितले, तर त्याच सांगण्यावर त्यांनी टाळ्या वाजविल्या. उपदेशकबंधूंनो, लोकांनी मान डोलाविली म्हणजे वचन रुजले असे नव्हे, हे त्या थोर वक्त्यास पुरे कळून चुकले होते.

परंतु त्याच तोंडातून वाईटही निघाले, ते आम्ही झाकून ठेवणार नाही. मंडळीतील काही लोक यहुद्यांच्या सणांस जात, म्हणून ३८६ व ३८७ साली त्याने जे उपदेश केले, त्यांत यहुदी लोकांविषयी अत्यंत कठोर व निंद्य भाषा वापरली. लेखकांनी ते शब्द तेथल्या तेथे उतरून घेतले होते, त्यामुळे ते टिकले. आणि पुढे कित्येक शतके यहुद्यांचा छळ करणाऱ्यांनी त्यांचा आधार घेतला. बोलणारा मेला, पण बोललेले मेले नाही.

३९८ साली तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. तेथे त्याने बिशपवाड्याचा डामडौल मोडला व वाचलेला पैसा रुग्णालयांस दिला. गॉथ लोकांकरिता एक मंदिर वेगळे देऊन त्यांच्याच भाषेत उपासना चालविली, व स्वतः दुभाष्याच्या तोंडून त्यांस उपदेश केला. परंतु श्रीमंतांच्या चैनीवर व आळशी पाळकांवर त्याची जीभ चाबकासारखी चाले. ४०३ साली शत्रूंनी सभा भरवून त्यास पदच्युत केले. तो हद्दपार झाला आणि लगेच परत बोलावला गेला. मग राणी युडोक्सिया हिचा रुप्याचा पुतळा मंदिराजवळ उभा राहिला व तेथे नाचतमाशे झाले. त्यावर बोलताना त्याने राणीस हेरोदियेची उपमा दिली, असे जुने इतिहासकार सांगतात. तमाशाचा निषेध करणे त्याचे कर्तव्यच होते. ती उपमा अवश्य होती काय, याविषयी आम्हांस संशय आहे. हेरोदाच्या एका शब्दाची किंमत लोकांस शिकविणाऱ्याने स्वतःच्या शब्दाची किंमत ४०४ साली हद्दपारीने भरली.

आर्मेनियातील कुकुसस गावी व्यासपीठ नव्हते, म्हणून त्याने पत्रे लिहिली. तीही शत्रूंस सोसवेनात. ४०७ साली त्यास काळ्या समुद्राच्या काठी पायी नेऊ लागले. उन्हापावसातून चालता चालता १४ सप्टेंबर रोजी कोमाना येथे देवाचे आभार मानीत त्याने प्राण सोडला. ग्रीक भाषेत सुवर्णमुख या अर्थाचे ख्रिसोस्तोम हे नाव त्यास मरणानंतर पडले.

४३८ साली त्याच्या अस्थी कॉन्स्टँटिनोपलास आणल्या, तेव्हा युडोक्सियेचा पुत्र दुसरा थिओडोसियस गादीवर होता. त्याने शवपेटीवर मस्तक टेकले, व आपल्या आईबापांनी जे केले त्याची क्षमा मागितली.