सुरतेचे वादळ आणि बडोद्याची नीरवता : योगी अरविंदांची चिंतनयात्रा

आज सुरतेतील डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत फिरताना मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. खानदेशातून तापीच्या काठाकाठाने आलेल्या कष्टकरी कुटुंबांनी या वसाहती उभ्या केल्या. याच सुरत नगरीत डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन उधळले गेले आणि जहाल व मवाळ यांची फारकत झाली. लोकमान्य टिळकांच्या बाजूने तेथे उभे असलेले, जहालांच्या स्वतंत्र परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे पस्तीस वर्षांचे बंगाली नेते म्हणजे अरविंद घोष. त्यांच्या जीवनाला खरे वळण मिळाले ते मात्र त्यानंतरच्या काही दिवसांत, एका मराठी साधकाच्या सान्निध्यात.

१५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या अरविंदांना वडिलांनी सातव्या वर्षीच इंग्लंडला धाडले. मुलावर भारतीय संस्कारांची सावलीही पडू नये, अशी त्या पित्याची इच्छा होती. केंब्रिजमध्ये ग्रीक व लॅटिनवर प्रभुत्व मिळवून अरविंद सनदी सेवेची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु घोडेस्वारीच्या चाचणीस ते गेले नाहीत आणि ती वाट बंद झाली. १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आले. तेथील तेरा वर्षांत त्यांनी संस्कृत आत्मसात केली, मराठी व गुजराती शिकून घेतल्या आणि आपली मातृभाषा बंगालीही नव्याने अभ्यासली. केंब्रिजमधील स्नेही केशवराव देशपांडे यांच्यामुळे मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांची राष्ट्रसभेवर कठोर टीका करणारी लेखमाला प्रसिद्ध झाली. वंगभंगानंतर बडोद्याची प्रतिष्ठेची नोकरी सोडून १९०६ मध्ये ते कोलकात्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

सुरतेहून ते बडोद्यास गेले. तेथे बंधू बारींद्रकुमार यांनी विष्णू भास्कर लेले या योग्याशी त्यांची भेट घडवून आणली. विचार आपल्या आत उपजत नाहीत, ते बाहेरून येतात. त्यांना उंबरठ्यावरच अडवावे, एवढीच लेल्यांची शिकवण होती. तीन दिवसांच्या एकांतात अरविंदांचे मन पूर्णतः निःशब्द झाले. भोवतालचे जग त्यांना छायाचित्रांसारखे मिथ्या भासू लागले. लगोलग मुंबईत भाषण करावयाचे होते आणि मनात तर एकही विचार नव्हता. श्रोत्यांना नमस्कार करून थांबावे, शब्द आपोआप येतील, असे लेल्यांनी सुचविले. आणि घडलेही तसेच.

जग मिथ्या वाटल्यावर अनेक साधक तेथेच विसावतात. अरविंद विसावले नाहीत. मे १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. अलीपूरच्या कारागृहातील वर्षभराच्या वास्तव्यात त्यांना सर्वत्र वासुदेवाचे दर्शन घडू लागले. भिंती, कैदी, पहारेकरी यांतही तेच तत्त्व असेल, तर जगाला भ्रम म्हणून कसे टाकावे? त्यांचे पुढील सारे तत्त्वज्ञान या पेचाचे उत्तर शोधते. चित्तरंजन दास यांनी केलेल्या बचावामुळे १९०९ मध्ये ते निर्दोष सुटले आणि ४ एप्रिल १९१० रोजी फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीस पोहोचले.

१९१४ पासून 'आर्य' मासिकात त्यांनी आपला सिद्धांत क्रमशः मांडला. डार्विनने देहाच्या उत्क्रांतीचे स्पष्टीकरण दिले होते. अरविंदांचा प्रश्न जाणिवेविषयी होता. जडातून प्राण आणि प्राणातून मन प्रकटले, याचा अर्थ चैतन्य जडात आधीपासूनच निगूढ होते, असे ते मानतात. आधी अवतरण, मग उत्क्रांती, असा हा क्रम आहे. त्यामुळे मानव हे अंतिम शिखर नसून मधला टप्पा ठरतो. मनाच्या पलीकडे अतिमानस आहे आणि त्याचे अवतरण याच पृथ्वीवर, याच देहात व्हावे, हे योगाचे प्रयोजन होय. जीवशास्त्र उत्क्रांतीला असे पूर्वनियोजित गंतव्य मानत नाही; म्हणून या मताकडे प्रयोगसिद्ध विज्ञान म्हणून न पाहता तत्त्वदर्शन म्हणूनच पाहिले पाहिजे.

त्यांनी रणांगण सोडले, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. १९२० मध्ये जोसेफ बॅप्टिस्टा यांनी वृत्तपत्राचे संपादकपद आणि डॉ. मुंजे यांनी राष्ट्रसभेचे अध्यक्षपद देऊ केले. दोन्ही त्यांनी नाकारले. माणसाची जाणीव तीच राहिली, तर स्वराज्यातही जुनेच कलह नव्या वेशात येतील, ही त्यांची धारणा होती. हे उत्तर सर्वांना पटले नाही आणि पटावे असेही नाही. मात्र मुळशीच्या सत्याग्रहापासून गोवा मुक्तिसंग्रामापर्यंत झुंजलेल्या सेनापती बापटांनी त्यांचा 'दिव्य जीवन' हा ग्रंथ मराठीत आणला, ही गोष्ट लक्षणीय आहे. कृती आणि चिंतन यांत वैर असते, तर त्या सत्याग्रहीने हा भार उचललाच नसता.

५ डिसेंबर १९५० रोजी अरविंदांनी देह ठेवला. त्यांचे अतिमानस अवतरले की नाही, यावर वाद घालता येईल. परंतु आजचा माणूस ही सृष्टीची शेवटची आवृत्ती नव्हे, हा त्यांचा विश्वास निराशेच्या काळात आधार देणारा आहे. त्या विश्वासाच्या पायाशी तीन दिवसांचे एक मराठी सान्निध्य आहे, याचे स्मरण आपण ठेवायला हवे.