लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म: गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू: २६ सप्टेंबर १९५६) हे आद्य मराठी कारखानदारांपैकी एक होत. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे मूळ त्यांच्या बेळगावातील सायकलींच्या अल्पायुषी दुकानात आहे.

चित्रकार होण्याच्या इच्छेने १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. परंतु अंशतः रंगांधळेपणा आढळल्याने रंगकाम सोडावे लागले. यंत्रांच्या आरेखनात मात्र रंगांची अडचण नव्हती. तेच शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

साखळीवर चालणारी, दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रचारात आली होती. तिची नवलाई ओळखून १८८८ मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने दुकान काढण्यात आले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. वाहन विकण्याआधी त्यावर बसायला शिकवावे लागे, असा तो काळ होता.

पुढे संस्थेतील बढती डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले. सायकलींचा धंदा मागे पडला. कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले चाळीस नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या माणसाने नव्या अवजारावर पैसे घालताना कचरावे, यात अस्वाभाविक काही नव्हते.

नांगराला मागणी येऊ लागली आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. कारखाना कोठे न्यावा, हा प्रश्न औंध संस्थानाने सोडविला. तेथील देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. त्या परिचयातून संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळजमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये पंचवीस कामगार कुटुंबांसह ते तेथे गेले. निवडुंग तोडून आणि साप मारून घरे उभी राहिली. हीच किर्लोस्करवाडी. कारखान्याबरोबर गावही वसविणे हा त्या काळी दुर्मीळ प्रयोग होता. वस्तीत अस्पृश्यतेला थारा नव्हता.

१९२० मध्ये येथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले, तेच पुढे 'किर्लोस्कर' झाले. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.