भिंगाचें भय आणि दादासाहेब फाळके

मोरगांवीं माघ व भाद्रपद चतुर्थीस मयूरेश्वराच्या दर्शनासाठीं यात्रा लोटते, आणि परतणारे भाविक देवाचें छायाचित्र घरीं नेऊन देव्हाऱ्यांत ठेवतात. त्यांत कोणास भय वाटत नाहीं. परंतु सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं छायाचित्राच्या भिंगासमोर बसल्यानें शरीरांतील सत्त्व शोषलें जातें व आयुष्य घटतें, अशी समजूत चांगल्या शहरांतूनही होती. ही समजूत ज्यांच्या पोटावर आली, तरीही ज्यांनीं भिंग हातचें सोडलें नाहीं, त्या धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं एका संस्कृत पंडिताच्या घरीं झाला. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें वडोदऱ्याच्या कलाभवनांत शिकून त्यांनीं गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा मांडला. १९०० सालच्या प्लेगनें पत्नी व अपत्य दोन्हीं नेलीं. वडोदऱ्यास पुन्हां धंदा उभारावा, तर वरील समजुतीमुळें गिऱ्हाईक बिचकूं लागलें. ज्ञानाचा अभाव कष्टाळू मनुष्याचें दुकान कसें बसवितो, हें आमच्या व्यापारी वाचकांस निराळें सांगावयास नको.

आतां भिंग करतें तरी काय? प्रकाश हवेंतून कांचेंत तिरपा शिरला म्हणजे त्याचा वेग मंदावून त्याची दिशा वळते. यासच वक्रीभवन म्हणतात. बहिर्गोल भिंग मध्यें जाड व कडेस पातळ असतें. मध्यावरचा किरण जवळजवळ सरळ जातो. कडेचे किरण वळून आंत झुकतात. यायोगें पदार्थाच्या एका बिंदूपासून पसरलेले किरण भिंगापलीकडे पुन्हां एका बिंदूंत मिळतात. कपाळाचा बिंदू खालीं, हनुवटीचा वर, अशी सर्व मुद्रा उलटी होऊन कांचेवर उमटते. म्हणजे यंत्र घेतें तें केवळ चेहऱ्यावरून परतलेलें ऊन. तें भिंगांत न शिरतें तर समोरच्या भिंतीवर पडून वायां गेलें असतें. यांत शोषलें काय, आणि घटलें काय?

१९११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चलत्पट पाहून, आपल्या देवांचीं चरित्रें याच रीतीनें पडद्यावर आणावीं, हा ध्यास फाळके यांस लागला. अहोरात्र पट पाहणें व प्रयोग करणें, झोंप नाममात्र. अखेर डोळ्यांनीं दगा दिला व दृष्टि गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनीं व तीन-चार चष्म्यांच्या साह्यानें ते पुन्हां पाहूं लागले. मनुष्याचा डोळा तरी दुसरें काय आहे? त्याचा पुढील वक्र पडदा व आंतील भिंग मिळून मागील पटलावर अशीच उलटी प्रतिमा पाडतात, व मेंदू ती सुलटी समजतो. ज्या भिंगास लोक आयुष्य खाणारें म्हणत, त्यानेंच फाळके यांस त्यांचें कार्य परत दिलें.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्यें लंडनास गेले व चलत्पटाचें यंत्र घेऊन आले. भांडवलवाल्यांस बोलून पटेना, तेव्हां त्यांनीं वाटाण्याच्या रोपाचीं ठराविक अंतरानें चित्रें घेतलीं व अंकुराची वाढ पडद्यावर क्षणांत दाखविली. पैसा मिळाला. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, अंधारांत फितीस छिद्रें पाडलीं, शिवाय सर्व मंडळीस जेवूं घातलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तारामतीचें काम करण्यास स्त्री मिळाली नाहीं, तें पुरुषानें केलें. हेंही एका भयाचेंच फळ! १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास त्यांचें देहावसान झालें.

या चरित्रापासून आम्हीं एवढाच बोध घेतों कीं, भय वादानें जात नाहीं, प्रत्यक्ष दाखविल्यानें जातें. वाटाण्याच्या रोपानें जें केलें तें दहा व्याख्यानांनीं झालें नसतें. आज छायाचित्राचें भय उरलें नाहीं, पण डोळ्यांविषयींचें अज्ञान उरलें आहे. दृष्टि अधू झाली कीं कोणी दैवास दोष देतो, कोणी अंजन घालून वेळ दवडतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यांतील भिंगाचें गढूळ होणें. तें काढून कृत्रिम भिंग बसवितां येतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. शाळामास्तरांनीं एक भिंग खिडकीसमोर धरून बाहेरील झाडाची उलटी प्रतिमा पांढऱ्या कागदावर मुलांस दाखवावी. सधन दुकानदारांनीं गांवच्या गरिबांस डोळे तपासून चष्मा मिळेल अशी तजवीज करावी. मयूरेश्वराच्या दारीं येणाऱ्या प्रत्येक वृद्धास त्याची मूर्ति स्पष्ट दिसावी, याहून मोठें पुण्य तें कोणतें?