जोडे शिवणाऱ्याचा जॉर्ज

मानवतला माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. बारावीनंतर घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटले, ते सुटलेच. मुलगी इंजिनिअरिंगला गेली आणि तिची पुस्तके चाळताना जुनी हौस पुन्हा जागी झाली. आयआयटीच्या प्राध्यापकांचा कॉम्प्युटर आर्किटेक्चरचा, म्हणजे संगणकाच्या अंतर्गत रचनेचा, बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम एनपीटेलवर घरबसल्या आणि विनामूल्य शिकता येतो, हे तिनेच सांगितले. परीक्षेला मात्र फी भरून केंद्रावर जावे लागते. वयाच्या ५८व्या वर्षी मी नाव नोंदवले.

पहिल्या दोन स्वाध्यायांत निम्मेही गुण पडले नाहीत. आता पुरे, असे मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात तिसऱ्या आठवड्यात एक नाव कानावर पडले. जॉर्ज बूल. हा कोण, म्हणून शोध घेतला आणि त्याच्या गोष्टीत अडकलो.

बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन गावी झाला. वडील जोडे शिवत. पण त्यांचे मन दुर्बिणी बनवण्यात अधिक रमे. साहजिकच धंदा बुडाला. सोळाव्या वर्षी मुलावर घर चालवण्याची पाळी आली. तो डॉनकास्टरच्या शाळेत मास्तर झाला आणि १९व्या वर्षी लिंकनला त्याने स्वतःची शाळा काढली. कॉलेजची पायरी त्याला कधीच चढता आली नाही. आईवडील आणि भावंडे त्याच्याच कमाईवर होती. भाषा आणि उच्च गणित तो पुस्तकांवरूनच शिकला.

विचार करण्याचेही गणित मांडता येईल, हा ध्यास त्याने घेतला. १८४७ आणि १८५४ साली त्यावर दोन ग्रंथ लिहिले. 'आणि', 'किंवा', 'नाही' या रोजच्या बोलण्यातल्या शब्दांना त्याने बीजगणितात बसवले. त्याच्या गणितात एक अट होती: अक्षराला त्याच अक्षराने गुणले तरी उत्तर तेच यावे. ही अट पाळणाऱ्या संख्या दोनच, ० आणि १. पुढे संगणकाला हेच दोन आकडे पुरले.

१८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजने या पदवी नसलेल्या मास्तराला गणिताचे प्राध्यापक केले. १८५५ साली त्याचे मेरी एव्हरेस्टशी लग्न झाले. ज्यांच्या नावाने आपण एव्हरेस्ट शिखर ओळखतो, त्या भारताच्या सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखांची ती पुतणी. १८६४च्या नोव्हेंबरात बूल भर पावसात सुमारे तीन मैल चालत कॉलेजात गेला आणि ओल्या कपड्यांनीच त्याने तास घेतला. न्यूमोनिया झाला आणि ८ डिसेंबरला, ४९व्या वर्षी, तो गेला.

त्याचे गणित वीजतारांपर्यंत पोचायला पुढे सात दशके लागली. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की, स्विच आणि रिले यांची जोडणी म्हणजे बूलचेच बीजगणित. हे वाचून मी दुकानातच हसलो. एकापाठोपाठ जोडलेली दोन बटणे दोन्ही दाबली तरच दिवा लागतो, हे 'आणि'. समांतर जोडली तर कोणतेही एक पुरते, हे 'किंवा'. आणि कॉइलला वीज मिळाली की स्टार्टरमधला जो एनसी पॉइंट सुटतो, तो 'नाही'. तीस वर्षे मी हेच जोडत आलो होतो! संगणक बेरीज करतो, तीही असल्याच लक्षावधी सूक्ष्म स्विचांवर. तिसऱ्या स्वाध्यायात मला शंभरपैकी ऐंशी गुण मिळाले.

पण बूलच्या चरित्रातली एक गोष्ट मला टोचली. लिंकनला दुकानांतल्या नोकरांना संध्याकाळी लवकर सोडावे, म्हणजे त्यांना शिकता येईल, या चळवळीत तो होता. माझ्या हाताखालचा मुलगा आयटीआयला शिकतो. सीझनमध्ये मी त्याला रात्री नऊपर्यंत थांबवून घेत असे आणि त्यात काही वावगे आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

परीक्षेची फी मी भरली आहे. पास होईन की नाही, सांगता येत नाही. मुलगा मात्र आता सहाला घरी जातो. उरलेल्या मोटारी मी बांधतो.