ऑयगेन ब्लॉयलर

पाउल ऑयगेन ब्लॉयलर (३० एप्रिल, १८५७ - १५ जुलै, १९३९) हे स्विस मनोविकारतज्ज्ञ होते. छिन्नमनस्कता या विकाराला स्किझोफ्रेनिया हे नाव त्यांनी दिले आणि त्याच्या कारणांचा विचार नव्याने मांडला.

जीवन

ब्लॉयलर यांचा जन्म झ्युरिकजवळील झोलिकॉन या गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांची बहीण मनोरुग्ण होती. झ्युरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचे सुरुवातीचे संचालक जर्मनीहून आलेले असल्याने त्यांना रुग्णांची बोली समजत नसे, अशी स्थानिकांची तक्रार होती. झ्युरिक येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केल्यावर १८८६ साली ब्लॉयलर राइनाऊ येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. ऱ्हाईन नदीतील बेटावरच्या जुन्या मठात हे रुग्णालय होते. तेथे बारा वर्षे ते रुग्णांच्या सहवासात राहिले. असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यालाही अर्थ असतो, हा त्यांचा विश्वास या सहवासातून दृढ झाला. १८९८ ते १९२७ या काळात ते बुर्गहोल्झ्लीचे संचालक व झ्युरिक विद्यापीठात प्राध्यापक होते. कार्ल युंग यांनी तेथे त्यांच्या हाताखाली काम केले.

नवी संज्ञा

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या विकाराला अकाली बुद्धिभ्रंश मानले होते. मात्र विकार नेहमीच तरुणपणी जडत नाही आणि त्याचा शेवट नेहमीच बुद्धिनाशात होत नाही, असे ब्लॉयलर यांना आढळले. म्हणून १९०८ साली बर्लिन येथील व्याख्यानात त्यांनी दुभंग व मन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून नवी संज्ञा मांडली. १९११ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुभंग म्हणजे विचार, भावना व इच्छा यांच्यातील मेळ तुटणे. एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वे असणे नव्हे. हा गैरसमज आजही आढळतो. ऑटिझम (स्वमग्नता) ही संज्ञाही त्यांचीच.

कारणमीमांसा

हा एकच रोग नसून रोगांचा गट असावा, असे ब्लॉयलर यांचे मत होते. मुळाशी मेंदूतील शारीरिक प्रक्रिया असावी व विचारांची साखळी सैल होणे हे तिचे प्राथमिक लक्षण असावे, असे त्यांनी मानले. भास व भ्रम ही दुय्यम लक्षणे असून रुग्णाच्या आयुष्यातील अनुभवांमुळे त्यांना आकार येतो, असे ते म्हणत. या मांडणीवर सिग्मंड फ्रॉइड यांच्या विचारांचा प्रभाव होता.

आनुवंशिकतेला महत्त्व देताना त्यांनी गंभीर रुग्णांच्या निर्बीजीकरणाचाही पुरस्कार केला. त्यांच्या कार्याची ही बाजू आज टीकेचा विषय आहे. आधुनिक संशोधनानुसार आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला तरी ती एकटी पुरेशी नाही: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला विकार झाल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण सुमारे निम्मे किंवा त्याहून कमी असते. गर्भावस्थेतील व प्रसूतीच्या वेळची गुंतागुंत, पौगंडावस्थेतील गांजाचे सेवन, स्थलांतर व शहरी वातावरणातील बालपण हेही जोखमीचे घटक मानले जातात.

वारसा

ब्लॉयलर यांचे निधन झोलिकॉन येथेच झाले. त्यांचे पुत्र मानफ्रेड ब्लॉयलर हेही पुढे बुर्गहोल्झ्लीचे संचालक झाले. पूर्ववत बरे होणे दुर्मीळ, असे ऑयगेन यांचे मत होते. मानफ्रेड यांनी २०८ रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास करून अनेकांत टिकाऊ सुधारणा होते, असे दाखवून दिले.