चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन रुजवणारे रेव्हरंड टिळक

टिळक म्हटलं की आधी लोकमान्य आठवतात. पण त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून, त्याच काळात आणखी एक टिळक पुढे आले. त्यांनी वेगळ्याच प्रश्नाला हात घातला. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे मराठीपण सोडायचं का?

हे टिळक म्हणजे कवी नारायण वामन टिळक.

१८६१ साली करजगावच्या चित्पावन ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. आई लवकर गेली आणि लहान वयातच त्यांनी घर सोडलं. नाशिकला संस्कृत शिकले. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. पुढे नोकरीसाठी त्यांची गावोगाव भटकंती सुरू झाली.

जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला वर काढेल असा धर्म ते शोधत होते. अशातच नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावून गेले.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून.

याची किंमत घरानेही मोजली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन जवळपास पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. नंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळंओवळं पाळतच. ते हळूहळू सुटलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सगळी कहाणी त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे.

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले आणि १९०४ मध्ये रेव्हरंड झाले. तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं परदेशी चालींवर गायली जात. शब्द मराठी असले तरी सूर परका होता.

ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग नगरमध्ये आधीही झाला होता. टिळकांनी त्याला मोठं बळ दिलं. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेने ते ख्रिस्तापर्यंत पोहोचले, असं ते मानत. त्यामुळे त्यांच्या अभंगांत येशू माउली होऊन येतो. त्यांनी शेकडो भजनं लिहिली. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य मात्र अपूर्ण राहिलं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

पण फक्त गाणी बदलून भागणार नव्हतं. चर्चचा पैसा आणि कारभार परदेशी मिशनच्या हाती होता. टिळक स्वतःही मिशनचा पगार घेत होते. १९१७ मध्ये त्यांनी तो सोडला, संन्यासी वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांना तिथे जागा होती. बाप्तिस्म्याची अट नसणं ही त्या काळच्या चर्चसाठी फार मोठी उडी होती.

हा प्रयोग रुजायला वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळकांचं निधन झालं. ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा असताना, त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्यावर दहनसंस्कार झाले. अस्थी नगरला नेण्यात आल्या.

कॅथलिक चर्चने लॅटिनच्या जोडीला लोकभाषांतल्या उपासनेचं दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे १९६२ ते १९६५ दरम्यान. टिळक प्रोटेस्टंट होते. प्रोटेस्टंट चर्चमध्ये लोकभाषा आधीपासूनच होती. टिळकांनी तिच्यासोबत इथला सूर आणला. दरबार टिकला नाही, पण मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही गायली जातात.